वाचकांचे प्रश्न : परवानगीची फाईल आणि काचेची तार

मागील अंकात आम्ही गावोगावच्या इंटरनेटविषयी प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता: ब्रॉडबँडच्या वाटेतले अडथळे दूर केल्याचे सरकार सांगते, मग तार आमच्या दारापर्यंत का येत नाही? सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले सहा येथे घेतले आहेत. पत्रांतील कंपन्यांची आणि कार्यालयांची नावे मुद्दाम वगळली आहेत, कारण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय ती छापणे योग्य ठरले नसते.

प्रश्न : रस्त्याच्या कडेने केबल पुरणे हे दोन दिवसांचे काम आहे. जेसीबी येतो, चर खणतो, नळी टाकून माती लोटतो. असे असताना आमच्या भागात वर्षानुवर्षे ‘परवानगी प्रलंबित’ हेच उत्तर का मिळते? सरकारने दूर केलेले अडथळे नेमके कोणते?
— एक माध्यमिक शिक्षक, यावल तालुका

उत्तर : चर खणणे दोन दिवसांचेच काम आहे हे आपले निरीक्षण बरोबर आहे, वेळ जातो तो चर खणण्याच्या आधी. भुसावळहून आपल्या तालुक्यातील एखाद्या गावाकडे ऑप्टिकल फायबर, म्हणजे इंटरनेटची काचेची तार, न्यायचे झाले, तर शहरातून बाहेर पडतानाच नगरपालिकेची आणि बऱ्याचदा रेल्वेची हद्द लागते. तापीवरील पुलाच्या कडेने नळी न्यायची तर पूल ज्याच्या ताब्यात आहे त्या विभागाकडे जावे लागते. पुढे हतनूरचा कालवा आडवा आला की जलसंपदा विभाग, मोठा रस्ता सोडून गावरस्त्याला लागले की जिल्हा परिषद, वेशीच्या आत ग्रामपंचायत, आणि गाव सातपुड्याच्या पायथ्याला असेल तर वन विभाग. प्रत्येकाचा अर्जाचा नमुना निराळा, शुल्काचा हिशेब निराळा आणि सवडही निराळी. यांपैकी एकाने जरी फाईल अडवली, तरी बाकीच्यांच्या परवानग्या हातात असून उपयोग होत नाही, कारण मधला अर्धा किलोमीटर वगळून तार पुढे जाऊ शकत नाही.

सरकारी भाषेत या परवानगीला ‘राइट ऑफ वे’, म्हणजे मार्गाधिकार, म्हणतात. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली केंद्राने नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे स्वतंत्र नियम केले. जमिनीखालून जाणाऱ्या तारेसाठी प्रशासकीय शुल्क किलोमीटरला १,००० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये, अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यावा, मुदतीत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे समजावे आणि नकार द्यायचा असेल तर अर्जदाराचे म्हणणे ऐकून कारणे लेखी नोंदवावीत, असे त्यांत ठरले. नियम चांगले होते. अडचण अशी की नियम केंद्राचे, आणि रस्ते व जमिनी राज्यांच्या आणि स्थानिक संस्थांच्या. राज्यांनी आपापली धोरणे या नियमांशी जुळवून घ्यायची होती आणि ते काम ज्याच्या त्याच्या चालीने चालले. डिसेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियान सुरू झाले, त्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य ब्रॉडबँड समित्या नेमल्या गेल्या, त्या याच जुळवाजुळवीसाठी. त्यानंतर १४ मे २०२२ रोजी ‘गतिशक्ती संचार’ हे पोर्टल सुरू झाले. कंपनीने एकाच ठिकाणी अर्ज करायचा आणि तो ज्या त्या कार्यालयाकडे संगणकावरून पोहोचायचा, कोणाकडे किती दिवस पडून आहे हे वरच्यांना दिसायचे, अशी ही रचना आहे.

तिचा परिणाम झाला आहे हे मान्य करावे लागेल. सरकारच्याच आकड्यांनुसार २०१९ मध्ये अशा अर्जाचा निकाल लागायला सरासरी ४४९ दिवस लागत होते. जानेवारी २०२५ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा जाहीर झाला तेव्हा ही सरासरी सुमारे ६० दिवसांवर आली होती आणि २०३० पर्यंत ती ३० दिवसांवर आणण्याचे उद्दिष्ट आहे. ४४९ दिवस म्हणजे काय हे यावल-रावेरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको: तेवढ्या दिवसांत केळीची लागवड होऊन घड कापले जातात आणि पिलबागही, म्हणजे त्याच खुंटांपासून येणारे पुढचे पीक, कमरेएवढी झालेली असते.

दरम्यान जुना टेलिग्राफ कायदा बाजूला सारून डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार कायदा आला. त्यातील मार्गाधिकाराची कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली आणि त्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून. मुख्य फरक असा की मार्गाधिकार आता नियमांपुरता न राहता थेट कायद्याच्या मजकुरात, स्वतंत्र प्रकरणात आला आहे, आणि त्या प्रकरणातली ‘सार्वजनिक संस्था’ ही व्याख्या केंद्र सरकारपासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्वांना लागू होते.

आता थोडे स्पष्ट बोलतो. मुदत उलटली की परवानगी मिळाली असे समजायचे, ही मानीव परवानगीची तरतूद कागदावर धारदार असली तरी ती वापरणारा कंत्राटदार मी फारसा पाहिलेला नाही. ज्या अभियंत्याच्या मौनाला होकार मानून आज चर खणायचा, त्याच अभियंत्याकडे पुढच्या महिन्यात दुसऱ्या रस्त्याच्या परवानगीसाठी जायचे असते. त्यामुळे पोर्टलवर मंजुरी दिसत असूनही ‘एकदा साहेबांना भेटून घेऊ’ हा जुना टप्पा बऱ्याच ठिकाणी शिल्लक आहे, आणि सरासरी दिवसांच्या आकड्यात तो मोजला जात नाही.

प्रश्न : ग्रामपंचायतीने केबलसाठी किती शुल्क घ्यावे? पूर्वी आम्ही मोबाइल टॉवरवर कर आकारत होतो. आता कंपनीचा माणूस म्हणतो की ग्रामपंचायतीला काहीच अधिकार उरलेला नाही. वित्त आयोगाच्या निधीतून केलेला काँक्रीट रस्ता त्यांनी मधोमध फोडला, तरी आम्ही गप्प बसायचे काय?
— एक सरपंच, धरणगाव तालुका

उत्तर : सरपंच महोदय, कंपनीच्या माणसाने आपल्याला अर्धेच सांगितले.

कराचा भाग आधी पाहू. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्य केला होता आणि अनेक ग्रामपंचायतींची आकारणी त्याच आधारावर उभी होती. २०२३ च्या कायद्याने मात्र असे म्हटले आहे की एखाद्या मालमत्तेवर बसवलेले दूरसंचार जाळे हे त्या मालमत्तेचा भाग समजू नये, आणि मालमत्ता कर, उपकर, शुल्क यांसाठीही समजू नये. म्हणून जुनी आकारणी तशीच पुढे चालू ठेवण्यापूर्वी किंवा नवा ठराव करण्यापूर्वी गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी मार्गदर्शन घ्यावे. ठराव रागाच्या भरात केला आणि पुढे तो टिकला नाही, तर वसूल केलेली रक्कम परत करण्याची वेळ ग्रामपंचायतीवरच येते. परवानगीच्या शुल्काला नियमांनी घातलेली कमाल मर्यादा ग्रामपंचायतीलाही लागू आहे. ‘गावविकास निधी’ किंवा ‘ना-हरकत शुल्क’ अशी निराळी नावे देऊन ती ओलांडता येत नाही.

रस्ता पूर्ववत करून घेण्याचा अधिकार मात्र कोणीही काढून घेतलेला नाही. परवानगी देणाऱ्या संस्थेने एक तर दुरुस्तीचा खर्च आधी भरून घ्यावा, नाही तर कंपनीने स्वतः रस्ता पूर्ववत करायचा असेल तर त्यासाठी बँक हमी मागावी, ही तरतूद २०१६ पासून आहे. ती वापरली जात नाही, कारण परवानगी बहुतेक वेळा तोंडी दिली जाते. काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसेवकांनी त्या रस्त्याची तारीख-वेळ दिसेल अशी छायाचित्रे काढावीत, चर किती रुंद व किती खोल असेल, काँक्रीट कापण्यासाठी यंत्र वापरणार की जेसीबीचा दात लावणार आणि भरण कशाने करणार, हे परवानगीच्या पत्रातच लिहावे. रस्ता आडवा ओलांडायचा असेल तर वरून न फोडता खालून छिद्र पाडून नळी ओढण्याची पद्धत उपलब्ध आहे; ती महाग पडते म्हणून कंत्राटदार आपणहून सुचवत नाही.

सरकार अडथळे दूर करते आहे म्हणजे गावाने प्रश्नच विचारू नयेत, असा त्याचा अर्थ कोणी काढत असेल तर तो चुकीचा आहे. दिरंगाई आणि अटी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अर्ज पंधरा दिवस टेबलावर ठेवून देणे ही दिरंगाई झाली. पहिल्याच दिवशी परवानगी देऊन त्यात चार अटी घालणे हा कारभार झाला.

प्रश्न : माझ्या केळीच्या शेताच्या बांधाने, मला न विचारता, केबल टाकली आहे. भरपाई मिळू शकते का? आणि ठिबकची मुख्य पाईपलाईन टाकताना माझ्याकडून ती तुटली तर दंड मला होणार का?
— एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : प्रथम तो बांध आपलाच आहे याची खात्री करून घ्यावी. आपल्याकडे रस्त्याची मूळ रुंदी कागदावर एक आणि वहिवाटीत दुसरी असते. दोन्ही बाजूंनी नांगरत नांगरत रस्ता अरुंद झालेला असतो आणि आज जो बांध वाटतो तो गावनकाशात रस्त्याच्या हद्दीत निघतो. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आपल्या बाजूने असेल तर आपले म्हणणे भक्कम आहे. खाजगी जमिनीतून जाळे न्यायचे असेल तर कंपनीने मालकाकडे रीतसर मागणी करावी आणि उभयतांच्या संमतीने, ठरलेल्या मोबदल्यावर करार करावा, हे २०२३ च्या कायद्याचे सूत्र आहे. मालक तयार होत नसेल आणि सार्वजनिक हितासाठी तोच मार्ग आवश्यक आहे असे केंद्र सरकारने ठरवले, तर मार्गाधिकार मिळवून देण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण तो निर्णय सरकारने करायचा असतो, कंत्राटदाराच्या मुकादमाने नव्हे. आणि तसे झाले तरी जमिनीची मालकी आपलीच राहते. म्हणून कंपनीला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवून परवानगीची आणि कराराची प्रत मागावी. ती देता आली नाही, तर बोलणी आपोआप आपल्या अटींवर येतात.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. गेल्या उन्हाळ्यात वाघूर धरणाच्या बाजूला जाणाऱ्या एका रस्त्यावर पाण्याच्या पाईपलाईनचा चर खणला जात असताना मी उभा होतो. काळ्या मातीला रुंद भेगा पडल्या होत्या. जेसीबीच्या बादलीबरोबर ढेकळे वर आली आणि त्यांत नारिंगी नळीचा तुकडा लोंबत होता. ग्रामीण भागात ही नळी साधारण १.६५ मीटर खोल असावी अशी अपेक्षा असते. तेथे ती दोन-अडीच फुटांवरच सापडली. चालकाने खाली उतरून नळी पाहिली, ‘पाण्याची नाही, चालेल’ असे म्हणाला आणि पुन्हा यंत्रावर चढला. नळीच्या फाटक्या तोंडातून केसासारखे बारीक, निळे, नारिंगी, हिरवे, तपकिरी धागे बाहेर आले होते. त्या एका बादलीने पुढच्या किती गावांचे व्यवहार थांबले असतील, हे त्याला कळण्याचा काही मार्गच नव्हता. दोन दिवसांनी त्याच जागी एक तरुण तंत्रज्ञ छत्रीच्या सावलीत मांडी घालून बसला होता. प्रत्येक धागा सोलायचा, पुसायचा, यंत्रात ठेवून दुसऱ्या टोकाशी वितळवून जोडायचा आणि जोडावर नळकांडे चढवायचे. चोवीस धागे होते. धूळ उडू नये म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅक्टरना हात करून थांबवत होता.

अशा बेपर्वा खोदकामामुळे देशात दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते असा केंद्र सरकारचा अंदाज आहे, आणि तो आकडा पुढे ठेवूनच २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करण्यात आले. कोठे, केव्हा आणि किती खोल खणणार हे त्यावर नोंदवले की त्या भागात ज्यांच्या तारा वा नळ्या पुरलेल्या आहेत त्या संस्थांना सूचना जाते आणि त्यांनी खणणाऱ्याशी संपर्क साधायचा असतो. खणण्यापूर्वी अशी सूचना देणे २०२२ च्या पायाभूत सुविधा सुरक्षा नियमांनी बंधनकारक केले आहे आणि सूचना न देता तार तोडली तर दुरुस्तीचा खर्च तोडणाऱ्याकडून घेता येतो. म्हणून आपण नोंद जरूर करावी आणि नोंदीचा क्रमांक जपून ठेवावा. तरीही केवळ ॲपवर विसंबू नये. कंपनीने आपला मार्ग नकाशावर चढवलाच नसेल तर ॲप तरी काय दाखवणार? बांधाने चालत जाऊन ठरावीक अंतरावर पुरलेले खुणेचे दगड शोधावेत, आणि जेथे शंका असेल तेथील पहिला हात यंत्राने न घेता फावड्याने घ्यावा.

प्रश्न : आमच्या पाड्यावर ना केबल आहे ना टॉवरची रेंज. फोन लावायचा तर टेकडीवर जावे लागते. वनजमीन असल्याने परवानगी मिळत नाही असे सांगितले जाते. हे खरे आहे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धडगाव तालुका

उत्तर : अंशतः खरे आहे, पण ते सांगून विषय संपत नाही. वनहक्क कायदा, २००६ मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा गावाच्या गरजांसाठी वनजमीन वापरण्याची सोपी वाट ठेवलेली आहे आणि त्या यादीत वीज व दूरसंचाराच्या तारांचा स्पष्ट उल्लेख आहे. अटी अशा: प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत, सुविधा सरकारच्या व्यवस्थापनाखालील असावी आणि ग्रामसभेने शिफारस केलेली असावी. शेवटच्या दोन अटी महत्त्वाच्या आहेत. खाजगी कंपनीला ही वाट वापरता येत नाही. पण सरकारी योजनेतील तार असेल तर सुरुवात आपल्या ग्रामसभेच्या ठरावाने होऊ शकते. अक्राणी, म्हणजे आपला धडगाव तालुका, पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या कक्षेत, आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते, म्हणजे त्याची ग्रामसभाही स्वतंत्र होते. आपल्या पाड्याची स्थिती काय आहे ते आधी पाहावे.

रेंजच्या बाबतीत, नंदुरबार हा ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेल्यांच्या केंद्राच्या यादीतील, जिल्हा असल्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या योजनेच्या कक्षेत तो येतो. महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या अशा जिल्ह्यांतील ७,२८७ गावांना ४जी सेवा देण्याची ती योजना होती. जुलै २०२२ मध्ये देशभरातील आणखी २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. या योजनांची मोजणी गावागणिक होते, आणि सातपुड्यात नेमके तेथेच घोडे अडते. महसुली गाव एक असते. त्याचे पाडे तीन वेगवेगळ्या उतारांवर आणि दोन नाल्यांच्या पलीकडे पसरलेले असतात. टॉवर पहिल्या पाड्याजवळ उभा राहिला की नोंदीत गाव ‘जोडले’ जाते, आणि टेकडीमागचा पाडा होता तेथेच राहतो. त्यामुळे अर्जात गावाचे नाव पुरेसे नाही. पाड्याचे नाव, घरांची संख्या आणि टेकडीवरील ज्या जागी रेंज मिळते तिचे अंतर लिहावे.

जेथे तार किंवा टॉवर नेणे खरोखर कठीण आहे तेथे उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्यासाठी राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या आणि त्यात नंदुरबारचे नाव आहे. इरादापत्र म्हणजे कंत्राट नव्हे, त्यामुळे या बातमीवर ग्रामसभेचा ठराव थांबवून ठेवू नये. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली येथे देण्यात आले. ज्या जिल्ह्याने अंगठ्याचा ठसा सर्वांत आधी दिला, त्याच जिल्ह्यात तो ठसा पडताळण्यासाठी लोकांना टेकडी चढावी लागते, हे लिहिताना हात थोडा जड होतो.

प्रश्न : किती वेग असला म्हणजे त्याला ब्रॉडबँड म्हणावे?
— एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), त्याआधी ५१२ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणत असत. आजच्या वापराला ही व्याख्या तोकडीच आहे. घराला किंवा दुकानाला तारेने मिळणाऱ्या इंटरनेटचा देशातील सरासरी डाउनलोड वेग नोव्हेंबर २०२४ मध्ये ६३.५५ एमबीपीएस होता आणि तो २०३० पर्यंत १०० वर नेण्याचे उद्दिष्ट आहे. जोडणी घेताना ‘ब्रॉडबँड’ या शब्दावर न जाता किमान वेग लिहून मागावा.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी बसवून बरीच वर्षे झाली. परवानगीही मिळाली, केबलही आली, उद्घाटनही झाले. आज पेटी धूळ खात आहे आणि मी दाखले काढायला मोबाइलचा हॉटस्पॉट वापरतो. लोकांना रोज ‘सर्व्हर डाऊन शे’ असे सांगायची लाज वाटते. परवानगीचा अडथळा नसताना हे का घडते?
— सेवा केंद्र चालक, पारोळा तालुका

उत्तर : आलेल्या पत्रांतले हे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण सरकारच्या प्रयत्नांची खरी मर्यादा त्यात दिसते. आतापर्यंतचे बहुतेक नियम तार टाकण्याच्या वाटेतले अडथळे दूर करण्यासाठी केलेले आहेत. टाकलेली तार जिवंत ठेवण्याच्या वाटेत काय आडवे येते याकडे फार उशिरा लक्ष गेले.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केली. २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला, त्यात एक लाखाहून अधिक ग्रामपंचायती जोडल्या गेल्या. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. आपल्याकडे ते महाआयटी या राज्य सरकारच्या कंपनीमार्फत ‘महानेट’ या नावाने झाले. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून हजार दिवसांत सहा लाख गावे जोडण्याची घोषणा झाली. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. या सगळ्या काळात मोजमाप होत होते ते किती किलोमीटर तार पुरली आणि किती पंचायती जोडल्या याचे. जोडलेल्या पंचायतीत आज सकाळी इंटरनेट चालू आहे का, याला त्या मोजपट्टीवर जागा नव्हती.

त्यात रचनेचाही दोष होता. पहिल्या टप्प्यात तार तालुक्यापासून एकापुढे एक अशा गावांना जोडत गेली, माळेतल्या मण्यांसारखी. वर सांगितलेल्या जेसीबीच्या बादलीने मधे कोठेही दोरा तोडला, की पलीकडचे सगळे मणी गळतात. ४ ऑगस्ट २०२३ रोजी १,३९,५७९ कोटी रुपयांचा जो सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला त्यात हा दोष मान्य करून वर्तुळाकार रचना स्वीकारली आहे: एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश फिरून येतो. तार टाकणाऱ्यानेच ती दहा वर्षे चालवायची व दुरुस्त ठेवायची, आणि गावातील घरांना जोडण्या देण्याचे काम स्थानिक उद्योजकांना द्यायचे, असेही त्यात आहे. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरे जोडण्याचे उद्दिष्ट आहे. माझ्या मते यांतली सर्वांत मोलाची गोष्ट दहा वर्षांच्या देखभालीची अट ही आहे. परवानगीला जशी दिवसांची मुदत घातली तशी दुरुस्तीलाही घालून ती गावात फळ्यावर लावली असती, तर अधिक बरे झाले असते. ब्रॉडबँड अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात २०३० पर्यंत २.७० लाख गावांत ९५ टक्के वेळ जोडणी चालू ठेवण्याचे उद्दिष्ट आले आहे, म्हणजे निदान मोजपट्टी तरी बदलली.

आपल्या पेटीचे काय झाले असेल, याचा अंदाज दोनच बाजूंनी करता येतो. मी पाहिलेल्या अशा एका पेटीवर रेशन कार्डाच्या अर्जांचा गठ्ठा होता, तिचा प्लग काढून त्या जागी पंखा लावलेला होता, बॅटरी फुगलेली होती आणि खोलीची किल्ली शिपायाकडे, शिपाई शेतात. तेव्हा कोणाच्याही नावाने ओरड करण्यापूर्वी वीज पोहोचते का ते पाहावे. वीजबिल कोणी भरायचे यावरून जोडणी बंद पडल्याची उदाहरणेही कमी नाहीत. त्यानंतर ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव घेऊन, सेवा कोणत्या तारखेपासून बंद आहे ते लिहून, तक्रार गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे द्यावी व पोच घ्यावी. केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर तीच तक्रार, त्याच तारखांसह, नोंदवावी. तक्रारीत पेटीवरील दिव्यांची स्थिती अवश्य लिहावी, कारण ती वाचूनच पुढचा माणूस ठरतो. एकही दिवा लागत नसेल तर बिघाड विजेचा किंवा पेटीचा आहे. विजेचा दिवा हिरवा आणि त्याशेजारचा लाल लागत असेल तर पेटी ठीक असून तार वाटेत कोठे तरी तुटलेली आहे. पहिल्या बिघाडाला वायरमन लागतो, दुसऱ्याला तो छत्रीखाली बसणारा तंत्रज्ञ.